व्हर्नरचं हेलिकॉप्टर

७ फेब्रुवारी

व्हर्नरला रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडवायचंय! तीस वर्षं माझ्या यंत्रांना 'रवी' म्हणत आलेला हा माझा नवरा. मैदानावरून परतले की ठरलेलं — "काय गं, झालं का ताक घुसळून?" आणि आज जेवताना, तोंडात हेरिंग मासा, म्हणतो, "ते मधल्या आकाराचं माझ्यासाठी जुळवून दे. नवशिक्याला झेपेल असं."

म्हटलं, मी ते सगळं सोडलंय.

"उडव कुठं म्हणतोय? जुळवून दे म्हणतोय."

८ फेब्रुवारी

नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा तळघराचं दार उघडलं. मोठ्या यंत्राचे तुकडे खोक्यात तसेच पडलेत. त्या दिवशी ते डोळ्यांसमोर हवेत स्थिर धरलं होतं, हजारदा धरलं असेल तसं — आणि अंगठा थरथरला. थेट आमचा क्लब चालवणाऱ्या थॉर्किलकडे गेलं. त्याच्या बुटांपासून चार पावलांवर आपटलं. कुणाला लागलं नाही. त्याच संध्याकाळी क्लबचं सदस्यत्व सोडलं.

डॉक्टरीण म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाही, पण हा कंप जाणारही नाही." चाळीस वर्षं या हातांनी लोकांचे दात बनवले. केसाएवढा फरक चालायचा नाही. आज खोक्यापाशी बसून रडले. लिहून ठेवते, कोण वाचतंय!

१५ फेब्रुवारी

काम चालू आहे. बरं वाटतंय, हे कबूल करायला हवं. स्क्रू बसवायला दुप्पट वेळ लागतो, पण बसतात.

माझं यंत्र चाकूसारखं होतं, नुसत्या इशाऱ्याला वळायचं. नवशिक्याच्या हातात ते देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. म्हणून पात्यांचा वेग उतरवला. झुकणं अर्ध्यावर आणलं. रिमोटच्या दांड्या इतक्या मवाळ केल्या, की मधल्या भागात कितीही हलवा, यंत्राला पत्ताच लागत नाही. टोकापर्यंत नेल्या तरच ऐकतं. खाली आडव्या काड्या आणि चार गोळे, म्हणजे कलंडायचं नाही.

थोडक्यात, पेज केली त्याची.

१६ फेब्रुवारी

वारा. दिवसभर वारा.

२३ फेब्रुवारी

घोळ केला! यंत्र वर-खाली करणारी दांडी सवयीनं उजव्या हाताला ठेवली. मी तशीच उडवते — क्लबात मी एकटीच. बाकी सगळे ती डाव्या हाताला ठेवतात, नवशिक्यांना तसंच शिकवतात. व्हर्नर गडबडला आणि थॉर्किलनं रिमोट हिसकावून घेतला, तर सगळं उलटं! बदलायला बसले तर व्हर्नरनं माझा हात धरला.

"राहू दे. तुझ्यासारखंच हवं मला."

"अरे, पण तुला शिकवणार कोण?"

"बघू."

बघू म्हणे! या माणसाला काही विचारण्यात अर्थ नसतो. दांडी आहे तिथंच ठेवली.

१४ मार्च

सगळं तयार. व्हर्नरला संगणकावर सराव करायला बसवलं. वीस मिनिटांत अकरा वेळा आपटला आणि कॉफी करायला उठून गेला. टपाल वाटायचा तेव्हा लोकांच्या फाटकांवर सायकल घालायचा, हा तोच माणूस.

नवीन जुळवलेलं यंत्र पहिल्यांदा नवशिक्यानं उडवायचं नसतं. शेपूट उलटी जोडली गेली असेल तर ते भोवऱ्यासारखं फिरतं. थॉर्किलला फोन केला — तू उडवून दे.

"नियम विसरलीस, गुद्रुन? ज्यानं जुळवलं त्यानं आधी उडवायचं. माझ्या मैदानावर तरी तसंच."

"मी आता सदस्य नाही."

"मग पाहुणी म्हणून ये. पाहुण्यांना बन मिळतात."

फोन आपटला. सगळ्यांसमोर जाऊन पुन्हा हात दाखवून अवलक्षण? आणि या वेळी चार पावलं नसली मध्ये, तर?

२० मार्च

तीन रात्री धड झोप नाही. व्हर्नर ताकास तूर लागू देत नाही. फक्त एवढंच म्हणाला, "शनिवारी वारा पडणार आहे."

२२ मार्च

गेले. सगळ्यांना जाळीच्या मागे उभं केलं. थॉर्किल कुरकुरला — "एवढ्या लांब? मला चष्मा लागतो, बाई." तरी हलला. व्हर्नर दोन्ही हात खिशात घालून उभा.

बॅटरी जोडली. शेपूट तपासली, बरोबर. पाती फिरायला लागली. आधी वीतभर उचललं. मग गुडघाभर. मग डोळ्यांच्या रेषेत.

अंगठे थरथरत होते. चांगले दिसण्याइतके. मी खाली अंगठ्यांकडे बघितलं — असं कधी करायचं नसतं — आणि पुन्हा वर बघितलं, तर यंत्र जागेवरच! खुंटीला टांगल्यासारखं. हात हलतायत आणि ते हलत नाही. माझा कंप त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

सहा मिनिटं उडवलं. उतरवलं. गवतावरच बसले. किती, किती आनंद झाला! थॉर्किलच्या बायकोनं वेलदोड्याचा बन हातात ठेवला, तो डाव्या हातानं धरून खाल्ला, कारण उजवा आता फारच थरथरत होता.

व्हर्नरला म्हटलं, ये, आता तुझी पाळी.

"आज नको. पाठ धरलीय."

२९ मार्च

आज तीन बॅटऱ्या संपवल्या. यंत्राचं तोंड माझ्याकडे करूनही स्थिर धरलं, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तरीही! व्हर्नरची पाठ अजून धरलेली. येताना मात्र मैदानावरच्या खुर्च्या चार-चार एकदम उचलून नेत होता.

५ एप्रिल

मैदानावर गेल्या गेल्या थॉर्किलनं एक कागद पुढे केला. नवशिक्या सदस्याचा अर्ज. "सगळं भरलंय, फक्त सही राहिलीय." म्हटलं, व्हर्नरकडे दे, त्याचा आहे. "वाच तर," म्हणाला.

अक्षर व्हर्नरचं. नावाच्या रकान्यात — गुद्रुन थेस्ट्रुप. तारीख पाच फेब्रुवारी. त्यानं मला विचारलं, त्याच्या दोन दिवस आधीची.

सही वाकडी आली.