न्यूसन्स कोणाला म्हणायचं

आबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. काल वाचताना तुमचा तो शब्द समोर आला, म्हणून लिहायला बसले. न्यूसन्स. सातवीनंतर तुम्ही माझी शाळा बंद केलीत, पण नवरा गेल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून मी एकटीच इंग्रजी वाचायला शिकले. कोशात अर्थ दिलाय: उपद्रव, त्रास, कटकट. खाली वापरही दिलाय, माश्यांचा न्यूसन्स, भोंग्याचा न्यूसन्स. सगळं बराबर आहे. फक्त तो शब्द कोणत्या आवाजात म्हणायचा, हे तिथं नाही.

तुम्ही सेनगावला तहसीलसमोर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहायचात. मी डबा घेऊन यायची आणि तुमचं जेवण होईपर्यंत बाजूला पोत्यावर बसायची. एकदा एक म्हातारा शेजाऱ्याची तक्रार घेऊन आला. शेजारी बोळात म्हैस बांधतो, शेणमूत ह्याच्या दारात. तुम्ही ‘उपद्रव’ लिहिलंत तर तो अडून बसला.

“त्यो इंग्रजी शब्द टाका की मालक. त्याबिगर सायेब हलत न्हाई.”

“म्हैस मारती का तुला?”

“न्हाई जी.”

“मग शेजारी मारतो?”

“न्हाई. पन तिच्याकडं बघितल्याबिगर मला घराबाहेर पडताच येत न्हाई.”

“मग न्यूसन्सच,” तुम्ही म्हणालात आणि हसत हसत तो शब्द टाकलात. मला तेव्हाच कळला तो. मारत नाही, चोरत नाही, पण ज्याच्याकडं बघितल्यावाचून चालत नाही, तो न्यूसन्स.

घरात हा शब्द तुम्ही एकट्या माझ्या धाकट्या भावाला दिला होता. शाळा बुडवून तो हिंगोलीला पिक्चर बघायला पळाला, तेव्हा समोर बसलेल्या पक्षकारांना उठवून तुम्ही जीपला लटकत त्याला शोधायला गेलात. दिवेलागणीला त्याला घेऊन आलात. त्याच्या एका गालावर तुमची बोटं उठलेली आणि हातात भज्यांचा पुडा. “घे तुझा न्यूसन्स,” आईला म्हणालात, आणि तुम्हाला हसू आवरेना. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. पुढ्यात फुगलेली भाकरी मी उलटायची विसरले आणि ती करपली. तुम्ही ती बाजूला ठेवून दुसरी मागितलीत.

माझ्यासाठी तुमच्याकडं वेगळं वाक्य होतं. “पोरीची काई तकलीफ न्हाई.” पाहुण्यांना हेच, मास्तरांना हेच. वसमतचे लोक मला बघायला आले तेव्हाही हेच म्हणालात, आणि चहा संपायच्या आत लग्न ठरलं. माणूस चांगला निघाला. हळदीच्या आडतीवर काम करायचा. त्याच्या सदऱ्याची हळद कितीही घासली तरी जायची नाही. एक सदरा मी अजून धुतलेला नाही.

तो गेला तेव्हा तेराव्याला तुम्ही आलात. निघताना बसच्या पायरीवर एक पाय ठेवून विचारलंत, “काई तकलीफ?” मी म्हटलं, “न्हाई आबा.” तुम्ही वर चढलात. मला वाटत होतं, आणखी एकदा विचाराल. भावाला तर तो खरं सांगेपर्यंत विचारत बसायचात.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी येऊन राहिले. मी चमच्यानं पेज भरवतेय आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून दाराकडं बघताय. “न्यूसन्स आला का?” तो तिकडं पुण्यात, दोन नोकऱ्या सोडून तिसरी धरून बसलेला. मी म्हणायची, “निघालाय आबा,” आणि तुमचं तोंड पुसायची.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण एकही खाली उतरेना. चुलते म्हणाले, “बोला रे, जीव कशात अडकला असंल.” कोणी म्हणालं, आईला संभाळू. कोणी म्हणालं, शेत विकणार न्हाई. मी मागं बायकांत उभी. कोणीतरी म्हणेल, पोरीकडं बघू. तेवढं ऐकेपर्यंत थांब, असं मी मनात कावळ्याला सांगत होते. तेवढ्यात भाऊ रडत पुढं झाला. “आबा, आता नीट राहीन. ही नोकरी सोडणार न्हाई.” कावळा सरळ खाली आला.

“शेवटपर्यंत तुझाच घोर लागला की रं, न्यूसन्सा,” चुलते डोळे पुसत म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. ताट माझ्यापुढं वाढून ठेवलेलं आणि दुसऱ्यानं येऊन जेवून जावं, तसं वाटलं मला.

भाऊ आता शहाण्यासारखा राहतो. फोन करतो, “ताई, काई लागतंय का?” विचारतो. मी न्हाई म्हणते. त्याच्यावर माझा राग नाही. हेवा आहे, आणि दुःख वर्षांनी कमी होतं तसा तो होत नाही. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, तुम्हाला तकलीफ झाली असती.

एक मात्र सांगून टाकते. सकाळी मी खिडकीत चिमण्यांना तांदूळ टाकते. कावळाही येतो, मान वाकडी करून बघत बसतो. त्याला मी आजवर एक दाणा दिलेला नाही.