वीरगळीसमोरची शिकवणी

लालबाग,
७ जानेवारी १९५९

ती. चिंतामणीमामांस मीनाक्षीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा दमा आता बरा असेल. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

संग्रहालयातल्या चार पहारेकऱ्यांना मी शिकवते आहे. शाळांच्या मुलांना वस्तू समजावून सांगायचं काम आता त्यांच्याकडे येणार. मार्चमध्ये समिती पाहायला येईल. तिला पसंत पडलं तर मी कायम होईन, असं साहेब म्हणतात. घरात कमावती मी एकटीच, त्यामुळे धाकधूक वाटते.

तुमच्या ट्रेनिंग कॉलेजातल्यासारखं पाठाचं टाचण काढलं. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, हा विषय घेतला. फळा मागवला आणि वीरगळीच्या समोरच्या भिंतीवर टांगला. मुलांना फळ्यापुढे ओळीत बसवलं. पहारेकऱ्यांपैकी कुशाबाने सगळी माहिती घडाघडा म्हटली, तरी मुलं जांभया देत होती. कुठे चुकलं ते कळवावं.

आपली भाची,
मीनाक्षी


गिरगाव,
१२ जानेवारी

चि. मीनाक्षीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की उबळ आली. अगं शहाणे, वीरगळीकडे पाठ करून बसलेल्या मुलांना तू वीरगळ शिकवलीस! वर्गात वस्तू नसते, म्हणून फळा लागतो. तुझ्यासमोर तर अख्खा दगड उभा आहे. फळा परत पाठव.

मुलांना दगडापाशी ने. कुशाबाला एवढंच विचारू दे, ‘काय दिसतं?’ मग त्याला गप्प राहू दे. गप्प राहणं शिकवायला भारी कठीण. मला नोकरीभर जमलं नाही, घरी तर नाहीच नाही, मामीला विचार.

चौपाटीवर सभांचा जोर आहे. बसल्या जागी संयुक्त महाराष्ट्राची भाषणं ऐकतो.

अक्काला गुडघ्यांना शेक घ्यायला सांग.

तुझा मामा


लालबाग,
२१ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

समिती येऊन गेली. आमच्याच भागातल्या शाळेची मुलं होती. कुशाबाने विचारलं आणि तो गप्प राहिला. समितीतले एक गृहस्थ चुळबुळ करू लागले, तरी तो बोलला नाही. मग एक मुलगी पडलेल्या वीराकडे बोट दाखवून म्हणाली, “आमच्या चाळीतला दादा गोळीबारात असाच पडला.” त्यानंतर मुलं एकेक करून बोलू लागली. कोणीही जांभई दिली नाही.

समिती खूश झाली. साहेबांनी मला बोलावून शाबासकी दिली. मग म्हणाले, “चौघं तयार झाले. आता शिकवणाऱ्या बाईंची गरज काय?” महिनाअखेर माझं काम संपतं आहे.

मामा, फार वाईट वाटलं. माझी माणसं कच्ची राहिली असती तर मी टिकले असते, हा विचार मनातून जात नाही. आईला सांगायचा धीर होत नाही. ती अजून शेजारणींना सांगते, पोरगी आता कायम होणार.

आपली,
मीनाक्षी


गिरगाव,
२४ मार्च

चि. मीनाक्षीस अनेक आशीर्वाद.

वाईट झालं. त्याला मी गोड नाव देणार नाही. साहेबाचा राग आलाच आहे, पण त्याने अक्काची चूल पेटत नाही. ओळखीच्या शाळांत शब्द टाकतो आहे; होईल की नाही, ठाऊक नाही.

रविवारी मी लालबागला येतो. मामी नको म्हणते, डॉक्टरही नको म्हणतात. चाळीचे जिने सावकाश चढेन. अक्काला मी सांगेन. तू फक्त माझ्या शेजारी बसून राहा.

तुझा,
मामा