आक्काची भिंत

केडगाव, मंगळवार, १२ जानेवारी १९७१

आज मोठ्या बहिणीला, आक्काला, दम्यासाठी नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, "लहानपणी राहत्या घरात ओल होती का?" तिच्या आधी मीच बोललो, "छे, घर चांगलं होतं." मास्तर म्हणवतो ना स्वतःला, लाज वाटली.

धडधडीत खोटं. बेलापूरला आमचं घर पाटाच्या कडेला. मागच्या खोलीची भिंत बारा महिने ओली, हात लावला की माती हाताला यायची. आक्का त्या भिंतीशी झोपायची. पुढची कोरडी खोली मला, अभ्यासासाठी. ती खोकायला लागली की मी मधलं दार लावून घ्यायचो.

बाहेर आल्यावर विचारलं, "तू गप्प का बसलीस?"

"काय बोलू? तुजी खोली कोरडीच हुती की रं."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिला बाकावर बसवून परत आत गेलो, डॉक्टरांना भिंतीचं खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "आता त्या कुठं झोपतात?"

चौदा वर्षं तिच्या सासरी जातोय, ओसरीवर चहा घेऊन परततोय. आत कधी गेलोच नाही.