पाणी शुद्ध निघाल्याचं दुःख

ती. मामांना,

वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? आणि त्या गुडघ्यावरून मामी तुम्हाला अजून बोलतात का? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

कॉलेज सोडताना मी बाबांसमोर तावातावाने म्हणालो होतो, की लोकांच्या घरी पाणी भरीन पण तिथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बाबा गप्प बसले (ते गप्प बसले की समजावं, आपली धडगत नाही). दुसऱ्या सकाळी त्यांनी माझ्या हातात पातेलं दिलं. आमच्या नळाचं पाणी कधी चहाच्या रंगाचं येतं, कधी येतच नाही. तेव्हा ते गाळणं, खळखळून उकळणं, निववणं आणि माठात भरणं हे खातं माझ्याकडे आलं. मी ते इमानेइतबारे सांभाळलं, तरी ताईचं पोट बिघडलंच. अंथरुणातून म्हणते, "याला साधं पाणी तापवता येत नाही." माझं डोकं फिरलं. पाणी निर्दोष असल्याचा दाखला तिच्या उशाशी आपटायचा, म्हणून मी प्रयोगशाळेतून सीलबंद बाटली आणली, भरून दिली. निकाल आला: पिण्यास अयोग्य.

तुमचं यंत्र बिघडलंय, असं मी तिथल्या खिडकीवर हात आपटून सांगितलं. आत पांढऱ्या कोटातली मुलगी होती.

"बाटली भरण्याआधी काय केलंत?"

"स्वच्छ धुतली. तीनदा."

"कशानं?"

"नळाच्या पाण्यानं."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि घरचा माठ?"

मामा, माठ तर मी रोज धुवायचो. त्याच नळाखाली. म्हणजे एवढं उकळून मी घरादाराला शेवटी नळाचंच विसळण पाजत होतो. हे समजावताना ती हसली नाही, पण हसू आवरताना तिने ओठ असा काही दाबला, की मी तिथेच कामातून गेलो.

आता माठ उकळत्या पाण्याने विसळतो, कोणी त्यात पेला बुडवला की अंगावर धावून जातो (बाबांच्यासुद्धा). ताई ठणठणीत आहे. त्यानंतर दोनदा पाणी तपासायला नेलं, दोन्हीदा शुद्ध निघालं. काल ती खिडकीतली मुलगी म्हणाली, "आता यायची गरज नाही. तुमचं पाणी उत्तम आहे." इतकं कठोर मला प्राचार्यही कधी बोलले नव्हते.

तुमचा,
पाणीखात्यावरचा भाचा

ता. क. त्या प्रयोगशाळेत नोकरीला विज्ञानाची पदवी लागते. मी कॉलेजात परत जायला तयार आहे, हे तेवढं बाबांच्या कानावर घाला. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

आणखी ता. क. ते विसरलात तरी चालेल. पुढच्या वेळी आमच्याकडे येताना तुमच्या घरचं पाणी तपासायला एका बाटलीत आणा. तुमच्याकडे गाळायचं यंत्र आहे, त्यामुळे ते शुद्ध निघेल अशी भीती वाटते. म्हणून भरण्याआधी बाटली नीट विसळून घ्या. नळाच्या पाण्याने.