लंगडण्याचा डाव

शनिवार, संध्याकाळ. वरठी

बास्केटबॉलचे सर महिनाभर एकच डाव शिकवून राहिले: थोडं लंगडायचं, समोरची ढिली पडली की बॉल घेऊन सुसाट निघायचं. मी घरात, अंगणातही लंगडत फिरले, पण जमेच ना. "तुझं खोटं दिसते," सर म्हणायचे.

आज उडी मारून उतरले अन् उजवा गुडघा कटकन वाजला. मी लंगडले. सर टाळ्या वाजवत ओरडले, "शाब्बास! आता जमलं तुले!" पोरी हसल्या. मीही हसले. काहून हसले मी?

गुडघा सुजून राहिला. उद्या साकोलीले फायनल आहे. लय भीती वाटते. शेवटी आईले सांगितलं.

ती भाकर थापतच म्हणाली, "माझ्यावर नको करू प्रॅक्टिस."