कोऱ्या काचेचे शेजारी

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तब्येत विचारत नाही. ती वहिनी मला फोनवर तुझ्याआधीच सांगते. आधी माझी तक्रार ऐक. गेल्या आठवड्यात तू आमच्या लॅबमध्ये आलास, सूक्ष्मदर्शकापाशी माझ्या खुर्चीत बसलास आणि बूड टेकताच तिची उंची कमी केलीस. आता दांडा अडकलाय. मी दिवसभर कासवासारखी मान ताणून काचा तपासते. जगात अन्याय बरेच झाले असतील, पण इतका बुटका एकही नाही.

त्या दिवशी माझा सहकारी तुला तुझ्या गाठीच्या नमुन्याची काच दाखवत होता आणि मी खिडकीतून पार्किंग न्याहाळत होते. घरच्या माणसाची काच आपण वाचायची नाही, असा आमच्याकडचा नियम. नियम सोयीचा होता, एवढंच.

तू ऐकलंसच: स्वादुपिंडातल्या गाठीचा पापुद्रा आम्ही असा रंगवतो की हवं ते प्रथिन तपकिरी दिसावं. तुझ्या गाठीत पहारेकरी प्रथिनाचा ढीग होता. बिघडलेलं, काम शून्य, पण जागा सोडायला तयार नाही. "अगदी आमचे मोठे साहेब!" तू म्हणालास. मग पेशींना आवरणारं, ब्रेकसारखं प्रथिन पाहिलं. तिथे काच कोरी. "म्हणजे गाडी उताराला लागली," म्हणून तूच हसलास. मी हसले नाही, हे तू पाहिलंस.

सोमवारी नियम बाजूला ठेवून मी ती काच मागून घेतली. गाठीकडे बघायचा धीर होईना, म्हणून कडेकडेनेच पाहत राहिले. तिथे तुझ्या निरोगी पेशी होत्या. त्यांच्यात हे प्रथिन असतंच, त्या तपकिरी दिसायलाच हव्यात.

त्याही कोऱ्या!

दादा, शेजारीही कोरे म्हणजे प्रथिन गेलेलं नाही, रंगच चढलेला नाही. सहकाऱ्याला हाक मारली. त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मी सरळ गाठीवरच गेलो गं."

"शहाणी माणसं तेच करतात. घाबरट कडेने जातात," मी म्हटलं.

नव्या बाटलीतल्या रंगाने पुन्हा रंगवलं. शेजारी तपकिरी. गाठही तपकिरी. ब्रेक जागेवर आहे.

हुरळून जाऊ नकोस. कर्करोग तो कर्करोगच, साहेबांचा ढीगही तसाच. पण हे प्रथिन शाबूत असलं की गाठीची दूरवर पसरायची ओढ कमी असू शकते. सर्जनबाई म्हणाल्या, "स्कॅनमध्येही गाठ एकाच जागी आहे. काढता येईल. गुरुवारी ऑपरेशनला घेऊ." मी डोळे पुसले. डोळ्यांत रंगाची वाफ गेली होती. वहिनीला वेगळं काही कळलं असेल तर ती अफवा आहे.

बरा झालास की येऊन खुर्ची वर कर. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

आणि आपला पत्रातला बुद्धिबळाचा डाव. "मिरचू, नजरचुकीने प्यादं हललं, वजीर परत दे," असं तू लिहिलंस आणि मी उत्तरच दिलं नाही. मागच्या डावात माझा उंट गेला तेव्हा तू मला चाल मागे घेऊ दिली होतीस. ते देणं राहिलं होतं.

तुझा वजीर पटावर परत ठेवलाय. चाल तुझी.

तुझीच,
मिरचू