तिच्या चेहऱ्याची पणजी

पेती राफ्रे,
१२ ऑगस्ट १९७९

चि. सौ. इंद्राणीस आजेसासूचे पोटभर आशीर्वाद.

इथे ऊसतोडणी चालू आहे, बकरी व्यायली, माझे गुडघे माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे सगळं ठीक. माएबूर्गला तुझ्या आईकडे वारा फार, लेकीचं डोकं झाकत जा. दूध चमच्याने गिळते ना? हनुवटी एवढीशी, म्हणून विचारते.

अक्षर ओळखलंस ना? मला लिहिता येत नाही, म्हणून तुझ्या नवऱ्यालाच बसवलाय. मी सांगेन तेच लिही, मध्ये स्वतःचं घुसडू नकोस, असं जयदेवला बजावलंय.

मंगळवारी लेकीच्या दोक्तेरने तिच्या बापाकडची माणसं बोलावली होती. मी आणि जयदेव गेलो. तुझी सासू आली नाही. विद्यावतीचं ठरलेलंच आहे: ग्रहणात तू भोपळा चिरलास, म्हणून पोरीचे कान मिटले नि गाल बसले.

दोक्तेर बोलता बोलता माझ्याच तोंडाकडे बघत राहिला. या वयात कोण बघतं गं! मग माझे गाल चाचपले, डोळ्यांचे उतरते कोपरे पाहिले. मग जयदेवचे. म्हणाला, "आजी, हे तुमच्याकडून आलंय."

पोरी, मी स्वतःचे गाल पुन्हा चाचपले.

रक्तातच असतं म्हणे. कुणाला नखाएवढं, कुणाला ओंजळभर. पोटात तोंड कसं बनतं ते त्याने हातांनी दाखवलं. दोन्ही बाजूंनी सरकत येतं नि मधे जुळतं, आईला दिवस गेलेत हे नीट कळायच्या आत. ग्रहण लागलं तेव्हा तुला सातवा होता. चेहरा कधीच बनून गेला होता.

माझ्यातून माझ्या बलरामात, त्याच्यातून जयदेवात, आणि तुझ्या पोटात जाऊन पुरता उमटला. माझ्याआधी कुणाचा? ऊसमळ्यांच्या मजुरीला हा चेहरा घेऊन जहाजातून कोण उतरलं असेल या बेटावर?

कानाला भोक नसलं तरी आत ऐकणं जिवंत आहे. हाडावर यंत्र लावलं की ऐकेल. मग माझ्या बडबडीतून तिची सुटका नाही.

विद्यावतीला हे जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. तिने ताट सारलं, मग पुन्हा ओढलं.

जयदेवचं पेन थांबलंय. आईने तुला बोल लावला तेव्हाही हा असाच थांबला होता. "लिही," म्हटलं. लिहितोय.

पुढच्या रविवारी तो बसने येतोय. काय बोलायचं ते मी पढवलेलं नाही, त्याचं त्याने बोलावं. परतायचं की नाही ते तू ठरव. पण आधी लेकीला उजेडात धर, आणि बापलेकीचे डोळे शेजारी ठेवून बघ.

तुझी आजेसासू, आणि तिच्या चेहऱ्याची पणजी,
हिरा